मॉड्यूल काढताना काय काय जातं?

सुरतेत साडी एका छपराखाली पूर्ण होत नाही. विणकाम एकीकडे, रंगाई-छपाई दुसरीकडे, भरतकाम आणि लेस तिसरीकडे. काम ज्याचं त्याचं, पण छपाई अडली की लेसवाला हात बांधून बसतो. कित्येक वेबसाइटही अशाच सुट्या तुकड्यांनी बनतात. त्या तुकड्यांना मॉड्यूल म्हणतात.

उदाहरण ड्रुपलचं घेते, कारण मायबोली, मिसळपाव ही मराठी संकेतस्थळं वर्षानुवर्षं त्याच्यावर चालत आली आहेत. बेल्जियमच्या ड्रीस बॉयटार्टनं २००१ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. लेख, वाचकांचे अभिप्राय, शोध, भाषांतर अशा प्रत्येक कामाला त्यात वेगळं मॉड्यूल असतं. काही मूळ संचातच येतात, हजारो बाहेरून फुकट मिळतात. बसवणं सोपं आहे. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

पहिलं काम म्हणजे कोण कोणावर टेकलंय ते पाहणं. शीर्षकावरून लेखाचा पत्ता आपोआप बनवणारं ‘पाथऑटो’ हे ‘टोकन’ नावाच्या दुसऱ्या मॉड्यूलशिवाय चालत नाही. म्हणून टोकन काढायचं तर आधी पाथऑटो काढावं लागतं. ड्रुपल हा क्रम मोडूच देत नाही.

दुसरं, ‘बंद करणं’ आणि ‘काढून टाकणं’ यांतला फरक. सातव्या आवृत्तीपर्यंत मॉड्यूल नुसतं बंद करता यायचं. त्याची माहिती जागच्या जागी राहायची. पण मधल्या काळात बाकीचं सगळं बदलायचं आणि ते पुन्हा चालू केलं की जुन्या-नव्याचा मेळ बसायचा नाही. म्हणून २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून ती सोयच गेली. आता मॉड्यूल काढलं की त्याच्या सेटिंग्ज आणि त्यानं स्वतःसाठी साठवलेली माहितीही जाते. काय जाणार याची यादी आधी दाखवतात. ती न वाचता बटण दाबू नये.

तिसरं, मूळ संचही कायम तसाच राहत नाही. पानांना पुस्तकासारखा प्रकरणांचा क्रम देणारं ‘बुक’ मॉड्यूल २०२४ च्या अकराव्या आवृत्तीत संचाबाहेर गेलं. ते वापरणाऱ्यांनी आवृत्ती बदलण्याआधीच ते वेगळं आणून ठेवायला हवं.

साहित्य मंडळाला हे कशाला? उद्या लिंबायत-उधन्यातल्या खानदेशी घरांमधली अहिराणी गाणी आपण ई-अंकासाठी टिपून घेतली, तर त्यांची दुसरी प्रत कुठे छापलेली नसेल. म्हणून तीन सवयी लावून घेऊ: कुठलंही मॉड्यूल बदलण्याआधी पूर्ण बॅकअप, बदल आधी साइटच्या वेगळ्या प्रतीवर करून बघणं, आणि एका वहीत प्रत्येक मॉड्यूलपुढे ‘हे कशासाठी बसवलं’ ही एक ओळ. आपण कॉलेज सोडून जाऊ, पण पुढच्या वर्षीच्या संपादकांना निदान ती वही सापडेल.