डिसेंबरची दिल्ली : दीड दिवस आणि एक मोबाइल

दिल्ली बघायला निघालेला माणूस आधी ठिकाणांची यादी करतो. पण फोटो काढायचे असतील आणि महिना डिसेंबरचा असेल, तर सुरुवात यादीने करू नये. आधी उजेड किती मिळणार ते मोजावे आणि मग त्यात ठिकाणे बसवावीत. आपल्या शाळेतले बरेच मराठी कॅडेट हिवाळी सुट्टीत घरी जाताना दिल्लीत गाडी बदलतात. कोणाला तिथे एखादा दिवस मिळालाच, तर उपयोगी पडावे म्हणून मी केलेला बेत इथे सविस्तर देत आहे.

मला दीड दिवस मिळाला होता. बाबा मला घ्यायला दिल्लीला आले होते. त्यांच्या पलटणीतले एक काका तिथे राहतात, त्यांच्याकडे आम्ही उतरलो. एक पूर्ण दिवस आणि दुसऱ्या दिवशी हजरत निजामुद्दीन स्टेशनवरून दुपारची गाडी, एवढाच वेळ. बाबा सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांच्या खिशात अकरा ठिकाणांची यादी तयार होती. मी म्हणालो, "बाबा, चारच करू." ते म्हणाले, "दिल्लीला काय आपण रोज येतो?" मग मी वहीत मांडलेला हिशेब त्यांना दाखवला.

हिशेब असा. डिसेंबरच्या शेवटी दिल्लीत सूर्य साधारण सव्वासातला उगवतो आणि साडेपाचच्या आसपास मावळतो. म्हणजे दिवस दहा-सव्वादहा तासांचा. आपल्याकडे साताऱ्यात त्याच दिवसांत सूर्य सहाच्या पुढे मावळतो, त्यामुळे दिल्लीत संध्याकाळ आपल्याला फसवते. चहा घेऊन निघू म्हणेपर्यंत उजेड गेलेला असतो. या दहा तासांतून धुके सकाळचे दोन-तीन तास घेते. आणखी दोन तास मेट्रोत, रांगेत आणि सुरक्षा तपासणीत जातात. उरलेल्या वेळात अकरा ठिकाणी फक्त पोहोचता येते, फोटो काढता येत नाहीत.

पण याच महिन्यात एक मोठा फायदाही आहे. भूगोलाच्या तासाला आपण शिकलो आहोत की २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य मकरवृत्तावर असतो. दिल्ली साधारण साडेअठ्ठावीस अंश उत्तरेला आहे. गणित केले की कळते, भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून फक्त अडतीस अंश वर येतो. सहा फूट उंच माणसाची सावली ऐन मध्यान्ही साडेसात फुटांहून लांब पडते. उन्हाळ्यात दुपारी ऊन डोक्यावरून पडते, तेव्हा चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात आणि इमारती सपाट वाटतात. हिवाळ्यात ऊन दिवसभर तिरपे असते. दगडावरचे कोरीव काम उठून दिसते. म्हणजे दुपार वाया जात नाही. एवढे सांगितल्यावर बाबांनी यादी परत खिशात ठेवली.

दुसरी गोष्ट दिशांची. या दिवसांत सूर्य बरोबर पूर्वेला उगवत नाही, आग्नेयेकडे सरकून उगवतो आणि नैर्ऋत्येकडे मावळतो. त्यामुळे इमारतीच्या उत्तरेच्या बाजूला दिवसभर थेट ऊन लागतच नाही आणि दक्षिणेच्या बाजूला जवळपास दिवसभर असते. कर्तव्यपथ पूर्व-पश्चिम आहे. इंडिया गेटपासून बघितले की राष्ट्रपती भवन सरळ पश्चिमेला येते. राष्ट्रपती भवनाच्या घुमटामागे सूर्य मावळतानाचा फोटो काढू म्हणून कोणी डिसेंबरात गेला, तर त्याला सूर्य बराच डावीकडे झाडांत बुडताना दिसेल. तो फोटो मार्च किंवा सप्टेंबरच्या शेवटी जमेल, जेव्हा सूर्य थेट पश्चिमेला मावळतो. मॅप रीडिंगमध्ये आपण नकाशा आधी उत्तरेला लावतो. इथेही तेच करायचे. दिल्लीचा नकाशा उत्तरेला लावून प्रत्येक ठिकाणाचे तोंड कुठे आहे ते बघायचे. लाल किल्ल्याचा लाहोरी दरवाजा पश्चिमेला आहे, म्हणजे सकाळी तो सावलीत. माझ्याकडे त्याच्यासाठी सकाळच उरत होती, म्हणून लाल किल्ला गळला. कुतुबमिनार दूर पडतो, तोही गळला. बाबांना कुतुबचे वाईट वाटले, मला नाही.

आता धुके. हिवाळ्यात रात्री आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला, की जमीन दिवसाची उष्णता सोडून गार होते. तिला लागून असलेली हवाही गार होते आणि हवेतल्या बाष्पाचे बारीक थेंब बनतात. यमुनेचे मैदान सखल आहे, भोवताली पाणी दिलेली शेते आहेत, म्हणून बाष्पाला तोटा नाही. त्यात शहराचा धूर आणि धूळ मिसळते. हवामान खाते दोनशे मीटरपर्यंतच दिसत असेल तर दाट धुके म्हणते आणि पन्नास मीटरच्या आत आले की अति दाट. ऊन चढले की जमीन तापते आणि दहा-अकरापर्यंत धुके बहुधा विरते. डिसेंबरचा शेवट ते जानेवारीचा मध्य हा त्याचा भर हंगाम.

धुक्यात फोटो येत नाहीत, असे बहुतेकांना वाटते. येतात, पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. एक, जवळ काहीतरी गडद हवे. झाड, दिव्याचा खांब, सायकलवाला, पहाऱ्यावरचा जवान, काहीही. ते नसेल तर फोटोत नुसती राखाडी भिंत येते. दुसरे, मोबाइलचा कॅमेरा समोरचे सगळे मध्यम उजेडाचे आहे असे धरून चालतो. त्यामुळे पांढरे धुके तो काळपट करून टाकतो. पडद्यावर बोट दाबून धरले की सूर्याचे छोटे चिन्ह येते, ते थोडे वर सरकवायचे. धुके पुन्हा पांढरे होते. मोबाइल सुट्टीतच हातात येत असल्याने आपल्यापैकी अनेकांना ही सोय माहीत नसते.

पहिल्या दिवशी साडेसातला आम्ही कर्तव्यपथावर होतो. इंडिया गेट बेचाळीस मीटर उंच आहे, पण त्या सकाळी त्याची फक्त खालची बाजू दिसत होती. समोरून कानटोपी घातलेला एक चहावाला सायकल ढकलत आला. त्याला विचारून मी तीन फोटो काढले. तिसऱ्यात तो हसला, तो मी ठेवला नाही. दुसरा चांगला आहे.

नऊ वाजता शेजारचे राष्ट्रीय युद्ध स्मारक उघडले. माझा सगळा बेत खरे तर या एका ठिकाणाभोवती रचलेला होता. माझ्या आजीचे थोरले भाऊ १९७१ च्या युद्धात शहीद झाले. आजी तेव्हा शाळेत होती. घरी त्यांचा एकच फोटो आहे आणि तोही आता पिवळा पडून चेहरा पुसट झाला आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत हे स्मारक देशाला अर्पण झाले, तेव्हापासून आजी म्हणते, "माझ्या दादाचं नाव तिथं लिहिलंय म्हणतात, ते मला एकदा बघायचंय." तिचे गुडघे आता दिल्लीपर्यंत येऊ शकत नाहीत. म्हणून तो फोटो चुकून चालणार नव्हता. परत कधी यायला मिळेल, कोणाला ठाऊक.

स्मारकात एकाबाहेर एक अशी चार चक्रे आहेत. मध्यभागी अमर चक्र आणि तिथली ज्योत, मग वीरता चक्र, मग त्याग चक्र आणि सर्वांत बाहेर झाडांचे रक्षक चक्र. स्वातंत्र्यानंतर देशासाठी प्राण दिलेल्या पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावे त्याग चक्राच्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत कोरली आहेत. एवढ्या नावांत एक नाव शोधायचे, तर नुसते आडनाव पुरत नाही. नंबर, हुद्दा, पलटण आणि वर्ष हे सगळे कागदावर लिहून न्या. बाबांनी तो कागद घरूनच आणला होता. तिथल्या कर्मचाऱ्यांनी तो पाहून आम्हाला वाट दाखवली.

आता यात फोटोची अडचण काय आहे ते सांगतो. भिंती गोलाकार आहेत, म्हणून प्रत्येक नावाचे तोंड वेगळ्या दिशेला येते. आपले नाव उत्तरेला आहे की दक्षिणेला, हे घरी बसून कळत नाही. ऊन असेल तर काही नावे सावलीत जातात आणि काहींची सोनेरी अक्षरे इतकी चकाकतात की मोबाइलला ती वाचता येत नाहीत. धुक्यात मात्र सगळ्या बाजूंनी सारखा, मऊ उजेड येतो. तोंड कुठेही असो, अक्षर वाचता येते. म्हणूनच धुक्याची वेळ मी या कामासाठी राखून ठेवली होती. बाकीचे लोक धुके जायची वाट बघतात, आम्ही ते असेपर्यंत पोहोचायची घाई केली.

नाव सापडल्यावर बाबा सावधान उभे राहिले आणि त्यांनी सॅल्यूट केला. मीही केला. मग मोबाइल काढला. पहिला फोटो नावाच्या अगदी समोरून घेतला, कारण तिरपे उभे राहिले की अक्षरांची रांग एका बाजूला लहान होत जाते. मोबाइल नावाच्याच उंचीवर धरला आणि अंगात शाळेचे निळे ब्लेझर ठेवले, म्हणजे माझेच प्रतिबिंब दगडात पांढरे दिसणार नाही. दुसरा फोटो चार पावले मागे येऊन, आजूबाजूची नावे दिसतील असा. तिसरा, बाबांचे बोट नावाखाली. हा तिसरा आजीसाठी, कारण तिला इतक्या नावांत आपले नाव लगेच सापडायला हवे. प्रत्येक फोटो दोनदा घेतला आणि तिथेच मोठा करून अक्षरे तपासली. घरी पोहोचल्यावर त्याची बारा इंचांची प्रत काढून घेतली, चमकदार नाही तर मॅट कागदावर. चमकदार कागदावर खिडकीचा उजेड पडला की आजीला दिसत नाही. तिने आधी बोटाकडे पाहिले, मग नाव अक्षर अक्षर लावून वाचले आणि विचारले, "शेजारची पोरं कुठली?" त्यांची नावे दुसऱ्या फोटोत होती. तीही तिने वाचायला लावली.

अकराच्या पुढे धुके विरले. मेट्रोने जवाहरलाल नेहरू स्टेडियमला उतरून आम्ही हुमायूनच्या मकबऱ्यावर गेलो. हा मकबरा १५७२ च्या सुमारास पूर्ण झाला, म्हणजे ताजमहालाच्या कितीतरी आधीचा. लाल दगड आणि वर पांढरा संगमरवरी घुमट. प्रवेश पश्चिमेकडून आहे, म्हणून दुपारनंतर गेले की समोरची बाजू उन्हात येते. आधी आवारातच असलेली ईसा खानची अष्टकोनी कबर बघा. तिथे गर्दी कमी असते आणि तिचे आठ कोपरे उजेड कुठून येतो ते शिकवतात. एक बाजू लख्ख, शेजारची अर्धी, पुढची काळी. चारनंतर लाल दगडाचा रंग दर दहा मिनिटांनी बदलतो. तेव्हा जागा सोडू नका. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत परवानगीशिवाय तिपाई नेता येत नाही, पण मोबाइल कठड्यावर टेकवून तीन सेकंदांचा टायमर लावला तरी काम होते. आणखी एक, पंधरा वर्षांपर्यंत तिथे तिकीट लागत नाही. मी पंधराचा आहे, पण उंचीमुळे खिडकीवर ओळखपत्र दाखवावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळ जामा मशिदीची. शाहजहानने बांधलेल्या या मशिदीच्या मुख्य दालनाचे तोंड पूर्वेला आहे, म्हणून सकाळचे ऊन थेट त्याच्यावर येते. नमाजाच्या वेळी पर्यटकांना आत घेत नाहीत, ती वेळ आधी विचारून घ्या आणि माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. धुके उतरलेच नसते तर मी यमुना बाजारच्या घाटावर जाणार होतो. हिवाळ्यात तिथे उत्तरेकडून आलेले कुरव पक्षी थव्याने असतात आणि नावाडी त्यांना शेव टाकतात. पांढऱ्या धुक्यात पांढरे पक्षी दिसत नाहीत, त्यांच्यामागे काळी होडी हवी. ते यंदा राहिले. त्याऐवजी गल्लीत दौलत की चाट खाल्ली. दुधाचा फेस, वर केशर. थंडीतच मिळते आणि ऊन चढले की बसते, म्हणून आधी फोटो की आधी खाणे हे लवकर ठरवा. आम्ही दोन दोने आधी खाल्ले आणि तिसऱ्याचा फोटो काढला.

किरकोळ पण कामाच्या गोष्टी. थंडीत बॅटरी लवकर उतरते, मोबाइल आतल्या खिशात ठेवा. बाहेरून उबदार खोलीत आलात की भिंगावर वाफ धरते. ती पुसत बसू नका, आत येण्याआधी मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि पंधरा मिनिटांनी काढा. छावणी भागात कॅमेरा बाहेर काढायचा नाही, हे आपल्याला सांगायला नको. जानेवारीत जाणार असाल तर सव्वीस जानेवारीच्या सरावामुळे कर्तव्यपथाकडचे रस्ते बंद असतात, ते आधी बघून ठेवा. आणि धुक्याने गाड्या उशिरा धावतात. दिल्लीला येणारी गाडी सकाळी पोहोचणार असेल, तर त्या सकाळचा कोणताही महत्त्वाचा फोटो बेतात धरू नका. तो दुसऱ्या दिवशीच्या सकाळी ठेवा.