टाचदुखी : हाडाचा काटा आणि शस्त्रक्रियेविना आराम

दुकानदारी हा पायांवरचा व्यवसाय आहे. पोती मोजून घेणे, गोदामाच्या फरशीवर येरझारा घालणे आणि मध्यंतरी गादीवर तासन्‌तास मांडी घालून बसणे, हा आपला नित्यक्रम. त्यामुळे चाळिशी उलटलेल्या पुष्कळ सभासद बंधूंना, तसेच स्वयंपाकघरात दिवसभर उभ्या असणाऱ्या भगिनींना टाचदुखी जडते. क्ष-किरण छायाचित्रात टाचेच्या हाडातून पुढे आलेला काटा दिसला, की घरची मंडळी हबकतात आणि ‘काटा कापून काढल्याखेरीज सुटका नाही’ असे धरून चालतात. हा समज बहुतांशी निराधार आहे. तो दूर व्हावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम हा विकार कसा उद्भवतो ते पाहू. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून एक चिवट पट्टा जातो. वैद्यकशास्त्रात त्यास ‘प्लांटर फॅशिया’ म्हणतात. पायाची कमान तोच तोलून धरतो. भरलेल्या पोत्याचा ताण जसा शिवणीच्या टोकाशी एकवटतो, तसा शरीराचा भार या पट्ट्याच्या टाचेकडील टोकाशी एकवटतो आणि तेथील तंतू झिजतात. दीर्घकाळच्या ताणाने त्याच जागी हाड वाढून काटा तयार होतो. परंतु वेदना बहुधा काट्याची नसून झिजलेल्या पट्ट्याची असते. काटा असूनही ज्यांना कधी दुखले नाही अशी माणसे पुष्कळ आहेत, आणि काटा मुळीच नसताना टाच दुखणारीही आहेत. म्हणून छायाचित्रातील काट्याला भिण्याचे कारण नाही.

पहाटे अंथरुणातून उठून टाकलेले पहिले पाऊल, अथवा गादीवरून उठल्यावरची पहिली काही पावले असह्य वाटतात आणि थोडे चालल्यावर कळ ओसरते, हे या दुखण्याचे मुख्य लक्षण. वाढलेले वजन, आखडलेली पोटरी, झिजलेल्या चपला आणि कठीण फरशीवरचे अनवाणी चालणे, ही त्याची नेहमीची कारणे होत.

उपायांत ताण देण्याच्या व्यायामास पहिले स्थान द्यावे. पलंगावर बसून दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवावा, पायाची बोटे हाताने नडगीकडे ओढावीत आणि 10 सेकंद धरून सोडावीत. असे 10 वेळा, दिवसातून 3 वेळा करावे. पहिली खेप पाय जमिनीवर टेकण्यापूर्वीच झाली पाहिजे. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील वैद्यांनी 2003 साली या व्यायामाचा गुण प्रसिद्ध केला. त्याच्या जोडीला भिंतीस हात टेकून, मागच्या पायाची टाच न उचलता, पोटरीस अर्धा मिनिट ताण द्यावा.

दुसरा व्यायाम पायास बळ देणारा आहे. पायरीच्या कडेवर उभे राहून बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवावा. कठड्याचा आधार घेऊन 3 सेकंदांत टाच वर न्यावी, 2 सेकंद थांबावे आणि 3 सेकंदांत खाली आणावी. हा एक दिवसाआड करावा. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील अभ्यासात, केवळ ताण देणाऱ्यांपेक्षा हा व्यायाम करणाऱ्यांस 3 महिन्यांनी अधिक आराम पडल्याचे आढळले.

चपला मऊ तळाच्या आणि टाचेस आधार देणाऱ्या असाव्यात. आत सिलिकोनची गादी घालावी. मंदिरात अनवाणी जाणे ओघानेच येते, पण तो वेळ थोडा असतो. घरात आणि दुकानात मात्र चपलांचा आळस नको. सायंकाळी बर्फ फडक्यात गुंडाळून 15 मिनिटे शेकावे. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि थोडेच दिवस घ्याव्यात. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम पडतो, परंतु ते वारंवार घेतल्यास पट्टा तुटण्याची आणि टाचेखालची नैसर्गिक चरबीची गादी विरण्याची भीती असते.

तथापि पायास मुंग्या वा बधिरता येणे, सूज, ताप, रात्री विश्रांतीतही ठणका, किंवा मार लागल्यानंतर पाऊल टेकवता न येणे, ही लक्षणे असतील तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. मधुमेही बंधूंनी तर आधी डॉक्टरांस पाय दाखवावा. संवेदना मंदावलेल्या पायास बर्फानेही इजा होते.

शेकडा सुमारे 90 रोग्यांना शस्त्रक्रियेविना, बहुधा वर्षभराच्या आत, आराम पडतो. 6 ते 12 महिने नेटाने उपाय करूनही गुण न आल्यासच शस्त्रक्रियेचा विचार होतो. आठ दिवसांत उतार पडला नाही म्हणून व्यायाम सोडणे, हा पेरणी करून आठव्या दिवशी कणसे शोधण्याचा प्रकार आहे. व्यायामाला खर्च काहीच नाही. लागते ती केवळ नियमितता, आणि रोजची खतावणी न चुकवणाऱ्या व्यापाऱ्यास ती निराळी शिकवावी लागत नाही.