जर्मनीतील रोमँटिक रोड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

व्युर्त्सबुर्गपासून आल्प्सच्या पायथ्याशी वसलेल्या फ्युसेनपर्यंत जाणाऱ्या ‘रोमँटिक रोड’ची वर्णने सहलीहून परतलेल्या मंडळींच्या तोंडून ऐकताना असा ग्रह होतो की, तटबंद्या, लाल कौलांची छपरे आणि दगडी फरसबंदी यांनी नटलेला हा मुलूख मध्ययुगापासून जसाच्या तसा, कोणाचा हातही न लागता, आजवर टिकून राहिला आहे. ही समजूत मोहक खरी. परंतु तिच्यामुळे त्या गावांची खरी थोरवीच प्रवाशाच्या दृष्टीआड होते, म्हणून तिचे निराकरण करणे मला अगत्याचे वाटते.

मुळात हा रस्ताच पुरातन नाही. सुमारे 460 किलोमीटरांची ही वाट 1950 साली, महायुद्धाने होरपळलेल्या देशात परदेशी पाहुण्यांनी पुन्हा पाऊल ठेवावे या हेतूने आखण्यात आली. आउग्सबुर्गच्या दक्षिणेस ती ‘व्हिया क्लाउडिया आउगुस्टा’ या रोमन राजमार्गाच्या सोबतीने जाते; पुरातनपणाचा मान द्यायचा तर तेवढ्या टप्प्याला द्यावा.

सर्वांत दृढमूल गैरसमज आहे तो रोथेनबुर्गविषयी. हे गाव आपल्या वैभवामुळे टिकले असे पुष्कळांना वाटते. वास्तविक ते टिकले दारिद्र्यामुळे. सतराव्या शतकातील तीस वर्षांच्या युद्धाने आणि त्याच काळात आलेल्या प्लेगने गावाची अशी दैना उडविली की, जुनी घरे पाडून नव्या धर्तीची बांधण्याइतका पैसा पुढे दोन शतके तेथे कोणापाशी उरला नाही. एकोणिसाव्या शतकात चित्रकारांनी हे गाव हुडकून काढले तेव्हा त्या दारिद्र्याचेच सौंदर्य झाले होते. पण एवढ्याने कथा पुरी होत नाही. 31 मार्च 1945 रोजी दोस्तांच्या विमानांनी केलेल्या बॉम्बहल्ल्यात जुन्या गावाचा सुमारे चाळीस टक्के भाग, मुख्यतः पूर्वेकडचा, जळून गेला आणि तटबंदीलाही मोठमोठी खिंडारे पडली. पुढे तोफखान्याच्या माऱ्यातून उरलेले गाव वाचले, त्याचे श्रेय अमेरिकेच्या युद्धखात्यातील जॉन मॅक्लॉय या अधिकाऱ्यास दिले जाते; आपल्या आईकडून त्याने या गावाची कीर्ती ऐकली होती. आज तटावरच्या छपराखालून सावकाश चालत गेले, तर भिंतीत ठिकठिकाणी बसविलेले दगड दिसतात आणि त्यांवर नावे कोरलेली आढळतात. तट पुन्हा उभा करण्यासाठी देशोदेशींच्या ज्या लोकांनी एकेका मीटरचा खर्च उचलला, त्यांची ती नावे. घाईने छायाचित्रे घेत पुढे सरकणाऱ्या प्रवाशाची नजर त्यांवर ठरत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

फ्युसेनजवळचा नॉयश्वानस्टाइन हा तर मध्ययुगीन किल्ला नव्हेच. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याच्या हुकमावरून 1869 साली त्याची पायाभरणी झाली, त्याची कल्पनाचित्रे रंगभूमीचे पडदे रंगविणाऱ्या क्रिस्टिआन यांक याने काढली, आणि बांधकामास वाफेवर चालणारी यारी वापरली गेली. भिंती विटांच्या आहेत, त्यांना वरून चुनखडीच्या पांढऱ्या दगडाचे आवरण आहे. आत उष्ण हवेने खोल्या ऊबदार राखण्याची योजना आणि मजल्यामजल्यावर नळाचे पाणी आहे. राजाने सरकारी तिजोरी यापायी रिती केली, हा प्रवादही निराधार होय. खर्च त्याच्या खासगी उत्पन्नातून आणि कर्जातून झाला; त्या कर्जापायी मात्र तो पुरता बुडाला. जून 1886 मध्ये त्याचा मृत्यू झाला, तेव्हा सिंहासनाच्या दालनात सिंहासन बसावयाचे राहिलेच होते. ज्या वास्तूत परक्याची पावले पडू नयेत अशी त्याची इच्छा होती, ती अवघ्या काही आठवड्यांत तिकीट लावून लोकांना खुली करण्यात आली.

चूक केवळ प्रवाशांचीच होते असे नाही. न्योर्डलिंगेन ज्या वर्तुळाकार सखल प्रदेशात वसले आहे, तो ज्वालामुखीमुळे बनला, असे दीर्घकाळ मोठमोठे विद्वानही मानीत. 1960 साली युजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ यांनी तेथील खडकात प्रचंड आघातातूनच निर्माण होणारे खनिज दाखवून दिले आणि दीड कोटी वर्षांपूर्वी कोसळलेल्या अशनीचे हे विवर असल्याचे सिद्ध झाले. गावच्या सेंट गेऑर्ग चर्चचा नव्वद मीटर उंच मनोरा त्याच आघातजन्य दगडाचा आहे. पायथ्याशी उभे राहून तो करडा, ठिपकेदार दगड अवश्य निरखावा.

मोटारीने जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. जर्मनीत वेगास बंधन नाही हे केवळ ऑटोबानच्या काही टप्प्यांपुरते खरे असून तेथेही ताशी 130 किलोमीटरांची शिफारस आहे. या वाटेवरील साध्या रस्त्यांवर शंभरची आणि गावात पन्नासची कमाल मर्यादा असते. आणि ऑटोबान ही हिटलरची कल्पना, हेही खरे नव्हे: कोलोन ते बॉन हा रस्ता ऑगस्ट 1932 मध्ये, त्याच्या हाती सत्ता येण्यापूर्वी, कोलोनचे तत्कालीन महापौर कोनराड आडेनाउअर यांच्या हस्ते खुला झाला होता.

हे सारे ऐकून ‘म्हणजे तेथील सगळे नकलीच तर!’ असे म्हणणारे भेटतात, आणि हा गैरसमज मला पहिल्याहून अधिक घातक वाटतो. व्युर्त्सबुर्ग 16 मार्च 1945 च्या रात्री जवळजवळ समूळ जळाले. तरीही तेथील राजवाड्यात बाल्टाझार नॉयमानने रचलेली जिन्यावरील विशाल कमान ढळली नाही, आणि तिच्यावरील टिएपोलोचे भव्य छतचित्र आज मूळ स्वरूपात पाहावयास मिळते. आउग्सबुर्गमध्ये याकोब फुगर या सावकाराने गरजू नगरवासीयांसाठी 1521 साली वसविलेली ‘फुगेराय’ ही वसाहत युद्धात उद्ध्वस्त झाली. तिच्या भिंती पुन्हा बांधल्या गेल्या, पण संस्था तीच राहिली. घराचे वार्षिक मूळ भाडे आजही 88 सेंट आहे, आणि संस्थापकासाठी रोज तीन प्रार्थना म्हणण्याची अट तेथील रहिवासी अद्याप पाळतात.