वीस मिनिटं : हौस आणि तयारी

"दादा, होतंय की नाही, एवढंच सांग की!"

माझा मावसभाऊ यंदा आपल्याच कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आला. 5 किलोमीटरच्या निवड चाचणीला तीन आठवडे राहिले होते आणि त्याला 20 मिनिटांच्या आत यायचं होतं. गेल्या वर्षी संघातली शेवटची जागा तेवढ्याच वेळेला मिळाली होती, म्हणून हा आकडा त्याच्या डोक्यात बसलेला. 'हो' म्हणणं सोपं होतं. पण दोन वर्षांपूर्वी मीही याच आकड्यामागे लागलो होतो. पहिला किलोमीटर 3:35 मध्ये मारला, शेवटी 21:50 लागले आणि पुढे दोन महिने नडगी धरून बसलो. म्हणून त्याला म्हटलं, "मला नको विचारू, पायांना विचारू या."

आधी हिशोब. 5 किलोमीटर 20 मिनिटांत म्हणजे किलोमीटरला 4 मिनिटं. आपल्या मैदानावर फक्कीने आखलेली 400 मीटरची एक फेरी 96 सेकंदांत, आणि अशा साडेबारा फेऱ्या. एक फेरी 96 सेकंदांत कुणीही तरुण पोरगा मारेल. प्रश्न बाराव्या फेरीचा असतो.

पहिली पारख : 3 किलोमीटर पूर्ण जोर लावून धावायचं. पीट रीगल नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने 1977 साली एक सूत्र मांडलं. अंतर दुप्पट झालं की वेळ दुप्पट होत नाही, साधारण 2.08 पट होते, कारण दमणूक वाढते. त्या हिशोबाने 20 मिनिटांसाठी 3 किलोमीटर सुमारे 11:38 मध्ये यायला हवेत. भावाला 12:10 लागले. म्हणजे आजची त्याची 5 किलोमीटरची वेळ 20:55 च्या आसपास. मात्र हे सूत्र दमसास आहे असं धरून चालतं. रोजचा सराव कमी असेल तर खरी वेळ याहून जास्तच येते.

दुसरी पारख : 1 किलोमीटर 4 मिनिटांत, मग 2 मिनिटं विश्रांती, असं पाच वेळा. तयार असलेल्याचा पाचवा किलोमीटर पहिल्यासारखाच येतो आणि 'अजून एक जमलं असतं' असं वाटतं. भावाचे आकडे असे : 3:52, 3:57, 4:04, 4:12, 4:19. वेग आहे, पण तो टिकत नाही. शिवाय पहिलाच किलोमीटर ठरल्यापेक्षा 8 सेकंद लवकर! तिथे मला माझंच जुनं रूप दिसलं.

तिसरी पारख वहीत असते. गेल्या सहा-आठ आठवड्यांत किती दिवस धावलास? सलग लांब किती? त्याच्या वहीत आठवड्याला जेमतेम 15 किलोमीटर, आणि परीक्षेच्या वेळी तर पानं कोरीच. हे तीन आठवड्यांत भरून काढायला गेलं की नडगी दुखते. हाडावर एकाच जागी बोट दाबल्यावर कळ आली, तर धावणं थांबवून डॉक्टरकडेच जायचं. 'चालतंय' म्हणून रेटायचं नाही. मी रेटलं होतं.

सगळं ऐकून तो गप्प झाला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग मी त्याला बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेचे आकडे दाखवले. 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 2018 साली त्याने 8:29.80 चा राष्ट्रीय विक्रम केला. 2024 मध्ये पॅरिसला तो 8:09.91 वर आला. 20 सेकंद कमी करायला सहा वर्षं, तीही पायरी-पायरीने. साबळे कुठे आणि आपण कुठे, नवख्याची वेळ भराभर कमी होते हेही खरं. पण तीन आठवड्यांत एक मिनिट मागणं म्हणजे घाईच की.

आता ठरलंय ते असं : चाचणीत लक्ष्य 21 मिनिटं, फेरी 101 सेकंदांची. 3 किलोमीटरनंतर अंगात जोर उरला तरच वेग वाढवायचा. संघात जागा कदाचित मिळणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. त्याने वहीच्या पहिल्या पानावरचे '20' खोडले नाहीत. त्याखाली फक्त 'पुढच्या वर्षी' असं लिहिलं.

शनिवारी सकाळी मी घड्याळ घेऊन मैदानाच्या कडेला उभा असेन. पहिली फेरी 96 मध्ये आली, तर ओरडणार आहे, "हळू रे!"