कारखाना सोडताना: मुकादमांचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

फेब्रुवारी-मार्चमध्ये एकेका साखर कारखान्याचा पट्टा पडू लागतो, म्हणजे हंगाम संपतो, आणि बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासारच्या ऊसतोड टोळ्या गावाकडे वळतात. कोप्या मोडल्या जातात, भांडीकुंडी ट्रॅक्टरात चढतात. मुकादमाचा हंगाम मात्र तेव्हा संपलेला नसतो. यंदाचा कारखाना पुढच्या वर्षी करायचा की सोडायचा, आणि सोडायचा तर कसा, हा धंद्यातला सगळ्यांत अवघड प्रश्न त्याच्यापुढे तेव्हाच उभा राहतो. मुकादमाला गावात कुणी पुढारी म्हणतं, कुणी दलाल, कुणी सावकार. व्यवहार म्हणून पाहिलं तर तो सेवा पुरवणारा व्यावसायिक आहे. कारखाना किंवा वाहतूक ठेकेदार हे त्याचं गिऱ्हाईक, तोडणीसाठी माणसं पुरवून फडात काम करून घेणं ही त्याची सेवा आणि कमिशन हा त्याचा मोबदला. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के आणि मुकादमांच्या कमिशनमध्ये 1 टक्का वाढ ठरली, तेव्हा ऊसतोड कामगारांच्या संघटना, साखर संघ आणि राज्यातले बडे नेते एकत्र बसले होते. गिऱ्हाईक सोडायची वेळ येते तेव्हा मुकादम एकटा असतो आणि त्याच्या हाताशी असतो तो ऐकीव कायदा. या ऐकीव कायद्याची मूळ चूक एकच आहे: करार, हिशोब आणि माणसं या तिन्ही गोष्टी तो एकाच गाठोड्यात बांधतो. त्या सुट्या केल्या तर कारखाना सोडणं हे भांडण राहत नाही, ते कामकाज होतं.

पहिला गैरसमज असा की पट्टा पडला म्हणजे करार आपोआप मिटला, आता गाठभेट थेट दसऱ्याला. काम संपतं हे खरं, पण हिशोब उघडाच राहतो. टनेज किती भरलं, कमिशन किती झालं, डिपॉझिट म्हणून किती कापलं, खाड्यांपोटी किती वळतं केलं, डिझेल आणि किराण्याला मधेच घेतलेली रक्कम कुठे लिहिली, हे सगळं कारखान्याच्या शेतकी विभागाच्या संगणकात असतं आणि मुकादमाकडे असतात वजनाच्या मळक्या पावत्या, त्याही निम्म्या. अशा पैशांच्या दाव्याला मुदत कायद्याने साधारणपणे 3 वर्षं मिळतात. ती संपण्याआधी देणेकऱ्याने लेखी सहीनिशी बाकी कबूल केली, तर त्या तारखेपासून मुदत पुन्हा नव्याने सुरू होते. म्हणून एप्रिलमध्ये कुणी खातेउताऱ्यावर ‘बाकी मान्य’ म्हणून सही मागितली तर ती निव्वळ शिरस्त्याची सही नसते. आकडे न तपासता केलेली सही मुकादमाला पुढची 3 वर्षं बांधते. हाच नियम उलट्या बाजूनेही लागू आहे, आणि त्याचा फायदा बीडमधले मुकादम क्वचितच घेतात: कारखान्याकडे कमिशन राहिलं असेल तर त्याच उताऱ्यावर कारखान्याच्या अधिकाऱ्याची सही-शिक्क्यासह कबुली मागायचा मुकादमालाही तेवढाच हक्क आहे.

दुसरा गैरसमज जास्त खोलवर रुजलेला आहे, कारण तो दोन्ही बाजूंना पटलेला आहे: अंगावर उचलीची, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेची, बाकी आहे तोवर दुसरा कारखाना करता येत नाही. ‘बाँडवर तसं लिहिलंय’ हे त्यावरचं नेहमीचं उत्तर. भारतीय करार कायदा 1872 चा आहे आणि त्याचं 27 वं कलम सांगतं की कुणालाही कायदेशीर धंदा, व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल असतो. इथे एक बारकावा मात्र नीट समजून घ्यावा लागतो. कल्याणच्या एका रेयॉन कारखान्यातल्या कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये सांगितलं की कराराची मुदत चालू असताना दुसरीकडे काम न करण्याचं बंधन वैध ठरू शकतं. मुदत संपल्यावरही माणसाला अडवणारं बंधन 1980 च्या दुसऱ्या एका निकालात टिकलं नाही. म्हणजे डिसेंबरात चालू फड टाकून शेजारच्या कारखान्याला टोळी नेणारा मुकादम कराराचा भंग करतो, आणि कारखान्याचं जे खरोखर नुकसान झालं त्याची भरपाई त्याला द्यावी लागू शकते. हंगाम पुरा करून, पुढच्या वर्षी येणार नाही असं कळवून जाणारा मुकादम कशाचाही भंग करत नाही, मग अंगावर 2 लाख बाकी असो की 5. ती बाकी मागायचा, तिच्यासाठी दिवाणी दावा लावायचा कारखान्याला पूर्ण अधिकार आहे. बाकीच्या बदल्यात पुढचा हंगाम मागायचा अधिकार नाही. करार मोडल्यास ‘दुप्पट रक्कम वसूल केली जाईल’ असं एक वाक्य बऱ्याच बाँडवर छापलेलं असतं. तेही वाचणाऱ्याला वाटतं तितकं भक्कम नाही. त्याच कायद्याच्या 74 व्या कलमाप्रमाणे करारात लिहिलेला दंडाचा आकडा ही कमाल मर्यादा असते, आणि तिच्या आत न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देतं.

कोऱ्या चेकबद्दल दोन परस्परविरोधी समज एकाच पारावर ऐकू येतात. एक म्हणतो, कोरा चेक दिला म्हणजे गळा दिला. दुसरा म्हणतो, रक्कम आपल्या अक्षरात नाही म्हणजे चेकला काही किंमत नाही. दोघंही चुकतात, आणि दुसऱ्याची चूक जास्त महागात पडते. सही आपली असेल तर बाकीचा मजकूर दुसऱ्याने भरला तरी तो चेक देण्यापोटीच दिला असं न्यायालय गृहीत धरतं आणि ते खोडून काढायची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. पण गृहीत धरणं म्हणजे अंतिम निकाल नव्हे. समजा, 12 कोयत्यांसाठी, म्हणजे तोडणीच्या जोडप्यांसाठी, 10 लाख उचल घेतली आणि तारणाला एक चेक दिला. हंगामात 7 लाख फिटले, 3 राहिले. तरी कारखान्याने किंवा ठेकेदाराने 10 लाखांचा आकडा टाकून तो चेक बँकेत लावला आणि तो परत आला, तर चेक न वटल्याचा कलम 138 चा गुन्हा होत नाही. चेक वटवण्याच्या दिवशी जेवढं देणं कायद्याने शिल्लक आहे तेवढंच त्यावर मागता येतं, असा 2022 चा निकाल आहे. या निकालाचा उपयोग कुणाला, तर 7 लाख फिटल्याचा कागद ज्याच्याकडे आहे त्याला. तोंडी फिटलेली उचल न्यायालयात फिटलेली दिसत नाही. म्हणून कारखाना सोडायचं ठरलं की चेक, सही केलेले कोरे स्टॅम्प आणि सातबाऱ्याच्या प्रती लेखी मागाव्यात. परत मिळाल्या तर पोच द्यावी. नाही मिळाल्या तर चेकचे नंबर आणि त्या दिवशीची बाकी लिहून रजिस्टर पोस्टाने कळवावं, आणि गरज वाटली तर बँकेला पेमेंट थांबवायला सांगावं. खात्यात पैसे नसताना नुसतं पेमेंट थांबवल्याने मात्र 138 टळत नाही, हे त्या पारावरच्या दुसऱ्या गड्याला कुणीतरी सांगायला हवं.

मग येते पोलिसांची धास्ती: बाकी राहिली की ‘चारशे वीस’ लागतंच. भारतीय दंड संहिता जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, फसवणुकीचं कलम आता 318 आहे. आकडा बदलला, कसोटी तीच राहिली. पैसे घेतानाच बुडवायचा इरादा होता का, हे पाहिलं जातं. टोळी नेली, फड तोडले, पाऊस लांबला किंवा माणसं आजारी पडली म्हणून टनेज भरलं नाही आणि बाकी राहिली, तर ते देणं आहे, फसवणूक नाही. इथेच कारखान्यांच्या बाजूचा खरा आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. एकाच टोळीच्या नावावर दोन-दोन ठिकाणी उचल घेऊन दसऱ्याला तिसरीकडेच जाणारे मुकादम आहेत, आणि त्यांच्यापायी कारखान्यांचे आणि वाहतूकदारांचे पैसे बुडतात. कर्ज काढून टोळीला उचल देणारा लहान ट्रॅक्टरमालक त्यात पार मोडून पडतो. असल्या प्रकरणात पहिल्या दिवसापासूनचा खोटेपणा कागदावरच दिसतो आणि तिथे गुन्हा जरूर दाखल व्हावा. पण या थोड्यांच्या लबाडीवरून सगळ्या बाकीदारांना आरोपी समजण्यात गिऱ्हाईकाचंही नुकसानच आहे. सरळ मार्गाने निघण्याची सोय नसली की माणूस रात्रीतून निघून जातो. निघताना कळवणाऱ्या मुकादमाला ठाण्याची भीती दाखवणारा कारखाना पुढच्या मुकादमाला न कळवता जायला शिकवतो.

मुकादमाने सर्वांत जास्त सावध राहायचं ते माणसांच्या बाबतीत, कारण तिथे त्याची भूमिका उलटते. वर तो सेवा देणारा आहे, खाली टोळीला उचल देणारा तोच आहे. कारखान्याशी बिनसलं की त्याचा राग बहुतेक वेळा कोयत्यांवर निघतो: उचल फिटेपर्यंत गावी जायचं नाही, आधार कार्ड माझ्याकडे ठेव, पुढल्या वर्षी माझ्याचकडे यायचं. वेठबिगारी निर्मूलन कायदा 1976 चा आहे. उचलीच्या बदल्यात माणसाचं कुठेही काम करण्याचं किंवा हवं तिथे जाण्याचं स्वातंत्र्य काढून घेतलं तर ती त्या कायद्याने वेठबिगारी ठरते आणि अशा उचलीची परतफेड करायची जबाबदारीच संपते. शिक्षा 3 वर्षांपर्यंतची आहे. वेठबिगारी नव्हती हे सिद्ध करायचं ओझं उचल देणाऱ्यावर असतं. सर्वोच्च न्यायालयाने 1983 च्या बंधुआ मुक्ती मोर्चाच्या निकालात आणखी पुढे जाऊन म्हटलं की मजुराकडून सक्तीने काम करून घेतलं जातंय हे दिसलं की ते उचलीपोटीच आहे असं गृहीत धरावं. याच्या जोडीला कोंडून ठेवल्याचा वेगळा गुन्हा आहेच. ‘मग माझी उचल मी कशी वसूल करू?’ हा मुकादमाचा प्रश्न खोटा नाही. त्याला कारखाना सोडत नाही आणि टोळी त्याला सोडून जाते, अशा दोन्ही बाजूंच्या कात्रीत तो असतो. वसुलीचा मार्ग त्याच्यासाठीही तोच आहे जो कारखान्याने त्याच्याबाबत वापरायला हवा: लिहिलेला हिशोब, नोटीस, दिवाणी दावा. आधार कार्ड अडकवून ठेवणं कशातच बसत नाही. फी थकली म्हणून वकिलालासुद्धा पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये ठरवलं आहे. मुकादमाला त्याहून जास्त अधिकार कुठून येणार?

‘आपल्याकडे धंदा शब्दावर चालतो, पत्रं लिहिली की संबंध बिघडतात’ हा आक्षेप सगळ्यांत सभ्य आहे आणि म्हणूनच सगळ्यांत घातक. शब्दावर चालणाऱ्या धंद्यात कारखाना मात्र कधीच शब्दावर उचल देत नाही. तो स्टॅम्प घेतो, चेक घेतो, जामीनदार घेतो, टोळीतल्या प्रत्येकाचा फोटो घेतो. कागद नसतो तो फक्त निघण्याचा. आणि तो कागद काही फार मोठा नाही. शेती अधिकाऱ्यांना उद्देशून एक पान पुरतं: अमुक हंगामात माझी इतक्या कोयत्यांची टोळी होती, माझ्या पावत्यांप्रमाणे टनेज इतकं, उचल इतकी, फिट इतकी, माझ्या हिशोबाने बाकी इतकी. उताऱ्यात फरक असल्यास 15 दिवसांत लेखी कळवावं. ही बाकी मी अमुक तारखांना इतक्या हप्त्यांत देईन. पुढील हंगामासाठी मी करार करणार नाही. तारणाचे चेक क्रमांक अमुक-तमुक परत मिळावेत. यात कुणावर आरोप नाही, वजनकाट्याबद्दल टोमणा नाही, स्लिपबॉयची तक्रार नाही. तक्रार असली तर ती वेगळ्या पत्रात द्यावी, कारण निरोपाच्या पत्रात तक्रार घुसली की समोरचा हिशोबाला उत्तर न देता तक्रारीला उत्तर देत बसतो. पत्र एप्रिल-मे मध्ये गेलं तर कारखान्याला दुसरी टोळी बघायला वेळ मिळतो. ऑगस्टमध्ये गेलं तर कायद्याने फार बिघडत नसलं तरी चुकतंच, आणि नेमकं तेव्हा ते जातं.

हंगामाच्या मध्यावर सोडायची पाळी आली तर? कारखान्याने ठरलेली पंधरवड्याची बिलंच थकवली, टोळीला पाणी आणि जागा द्यायचं कबूल करून दिलंच नाही, अशा वेळी समोरच्याने करार पाळायला पुरता नकार दिला आहे असं दाखवता आलं तर करार संपवायचा आणि नुकसानभरपाई मागायचा हक्क मुकादमालाही आहे. करार कायद्याची कलम 39 आणि 75 त्यासाठीच आहेत. पण एका बिलाला आठ दिवसांचा उशीर म्हणजे पुरता नकार नव्हे. आधी लेखी मुदत द्यायची, हातातला फड पुरा करायचा, तोडलेला ऊस वाळत टाकून जायचं नाही. नुकसान आटोक्यात ठेवायचा प्रयत्न केला नाही तर भरपाई कमी होते, आणि त्या फडाचा मालक शेतकरी या भांडणात कुठेच नसतो.

राहिला नवा कारखाना. जुनी बाकी त्याच्यापासून लपवायची हा सल्ला गावोगावी मिळतो. तसं करू नये, आणि कारण नीतीचं कमी, व्यवहाराचं जास्त आहे. बाकीचा आकडा सांगून, जुन्या उताऱ्याची प्रत दाखवून उचल घेतली तर ‘पहिल्यापासून फसवायचा इरादा होता’ हे पुढे कुणाला म्हणता येत नाही. शिवाय नवा कारखाना कधीकधी जुनी बाकी थेट जुन्या कारखान्याला भरून ती आपल्या खात्यात वळती करून घ्यायला तयार होतो. तसं झालं तर तिघांच्या सह्यांचा एकच कागद करावा आणि त्यावर जुन्या कारखान्याकडून ‘येणे काही नाही’ एवढं लिहून घ्यावं.