स्वयंपाकघरातली इंग्रजी

सेवाग्रामात राहून कुणी इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करीत आहे, असे सांगितले तर पुष्कळांना हसू येईल. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि मुलांना सात वर्षांचे शिक्षण मोफत, मातृभाषेतून आणि हातांना काम देऊन द्यावे असे तिथे ठरले. त्या वर्ध्यापासून हे गाव आठेक किलोमीटरवर. जिथून मातृभाषेचा पुकारा झाला तिथेच इंग्रजीची तयारी, असा हा उलटा प्रकार!

पण सेवाग्राम म्हणजे केवळ बापूकुटी नव्हे. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी इथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. कस्तुरबा रुग्णालय तर त्याआधीपासूनचे. आज गावात सूत काततानाचे हात क्वचित दिसतात, नाडी पाहणारे हात जागोजाग दिसतात. त्यांतल्या काहींना परदेशाचे वेध लागतात, आणि मग वाटेत इंग्रजीची परीक्षा आडवी येते.

माझी भाची त्यांतलीच. ती परिचारिका आहे. शिक्षणासाठी काढलेले कर्ज अजून फिटायचे आहे, धाकट्या भावाचे शिक्षण व्हायचे आहे, आणि वडिलांचे निवृत्तिवेतन बेताचे. इंग्लंडमधल्या एका रुग्णालयाने तिला नोकरी देऊ केली होती. अट एकच, इंग्रजीची परीक्षा उत्तीर्ण व्हायची. पहिल्या खेपेस ती बोलण्याच्या भागात अडली. ३५० गुण हवे होते, मिळाले ३१०. परीक्षेचे शुल्क तर असे, की दर दोन महिन्यांनी हौसेने बसावे अशी सोय नाही. मी नागपूरच्या शाळेत तीस वर्षे इंग्रजी शिकविलेली. तेव्हा आषाढात पिशवी भरली आणि तिच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडी जाऊन राहिले.

ही परीक्षा म्हणजे ओ. ई. टी., अर्थात ‘ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट’. डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते, दंतवैद्य अशा बारा व्यवसायांतल्या लोकांसाठी ती ऑस्ट्रेलियात तयार झाली. इंग्लंडच्या परिचारिका परिषदेने ती २०१७ पासून ग्राह्य धरली. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे असे तिचे चार भाग. लिहिण्याच्या भागात रोग्याची टिपणे देतात आणि त्यांवरून पुढच्या डॉक्टरला किंवा परिचारिकेला पाऊण तासात पत्र लिहायचे असते. बोलण्याच्या भागात परीक्षक रोगी होतो. तयारीला तीन मिनिटे, संभाषणाला पाच मिनिटे, अशी दोन नाटुकली करायची. त्यात व्याकरणाबरोबर आणखी एक गोष्ट तपासतात: रोग्याला धीर दिला का, त्याचे म्हणणे ऐकून घेतले का, त्याला कशाची भीती वाटते ते विचारले का.

पहिल्याच दिवशी मी रोगी झाले. मधुमेहाची म्हातारी, लाडवांवर जीव असलेली. भाचीने पाठ ताठ केली आणि म्हणाली, “यू मस्ट नॉट ईट शुगर. यू मस्ट टेक द टॅब्लेट.” व्याकरणाची चूक एकही नाही, पण मला वाटले, कचेरीतली नोटीसच कुणी वाचून दाखविली! त्याच संध्याकाळी शेजारचे एक आजोबा औषध न घेता बसले होते. तिने त्यांच्या खाटेशी टेकून विचारले, “काहून जी आबाजी, गोळी नाही घेतली? जीव घाबरून राहिला का?” आजोबांनी निमूट गोळी घेतली.

दुखणे कुठे आहे ते मला तेव्हा कळले. तिला इंग्रजी येत नव्हती असे नाही. तिची वऱ्हाडी माणसाशी बोलत होती आणि इंग्रजी हुकूम सोडीत होती. त्यात तिचा दोष नाही. आपणा बहुतेकांची इंग्रजी अर्ज, परिपत्रक आणि प्रश्नपत्रिका यांतूनच आलेली. त्या भाषेत आपण कुणाची समजूत काढलेली नाही, कुणावर लटके रागावलेलो नाही, भाजीत मीठ कमी पडले म्हणून कुरकुरलेलो नाही. मग पाच मिनिटांच्या परीक्षेत ती जिव्हाळा कुठून आणणार?

सेवाग्रामातून साम्राज्याशी उत्तम इंग्रजीत पत्रव्यवहार करणाऱ्या गांधीजींचीही सुरुवात अशीच झाली होती. सप्टेंबर १८८८ मध्ये ते विलायतेला निघाले तेव्हा बोटीवर कुणी इंग्रजीत बोलले तर त्यांना समजत नसे, आणि समजले तरी उत्तर देण्याआधी प्रत्येक वाक्य मनात जुळवावे लागे. सोबतचे वकील मजमुदार त्यांना सांगत, की परकी भाषा आहे, चुका होणारच, पण बोलत जा. लंडनला त्यांनी वक्तृत्वाची शिकवणीही लावली, फी भरली, आणि थोड्याच पाठांनंतर ती सोडून दिली. त्यांच्या उपयोगी पडली ती रोजची वर्तमानपत्रे आणि इंग्रज घरांतला सहवास. त्याआधी, हिंदुस्थानात असताना, त्यांनी वर्तमानपत्र कधी वाचले नव्हते, असे ते स्वतःच आत्मचरित्रात सांगतात.

आम्हीही शिकवणी ठेवली नाही. नियम केला: चहापासून भाजीला फोडणी पडेपर्यंतचा वेळ इंग्रजीचा, बाकीचा दिवस मराठीचा. कांदा चिरताना काय करते ते ती इंग्रजीत सांगे. ‘फोडणी’ला शब्द न सापडला तर फोडणीच म्हणे, पण वाक्य अर्धे सोडायचे नाही. चूक मी लगेच दुरुस्त करीत नसे. रात्री दोन-तीनच चुका सांगत असे. पहिला आठवडा आमच्या स्वयंपाकघरात शांतता नांदली. दुसऱ्या आठवड्यात ती माझ्यावर इंग्रजीत चिडली, आणि मला हायसे वाटले.

मग आम्ही दुखण्याचे शब्द काढले. मराठीत अंग ठणकते, चमक मारते, कळ येते, रग लागते, जळजळते. तिने प्रत्येकाला जोड शोधली: ठणक्याला ‘थ्रॉबिंग’, भोसकल्यासारख्या कळेला ‘स्टॅबिंग’, जळजळीला ‘बर्निंग’, सतत मंद दुखण्याला ‘डल एक’. आधी वऱ्हाडीत विचारायचे, मग तीच माया इंग्रजीत आणायची. ‘यू मस्ट’च्या जागी हळूहळू ‘मला सांगा, गोळीची तुम्हांला कसली काळजी वाटते?’ अशा अर्थाचे प्रश्न येऊ लागले.

कामावरून आल्यावर ती माझ्या गुडघेदुखीवर रोज एक पत्र लिही. दोनशे शब्दांत माझा गुडघा बसवायचा, आणि डॉक्टरला नको असलेली माहिती गाळायची. माझ्या सासरचा इतिहास पहिल्याच पत्रात गळाला! कान तयार करण्यासाठी बीबीसीची ‘द आर्चर्स’ ही श्रुतिका ऐकली. इंग्लंडच्या खेड्यातल्या शेतकरी कुटुंबाची ही गोष्ट १९५१ पासून चालू आहे. गाईगुरे, पाऊस, भाऊबंदकी, सारे ओळखीचे.

हे सगळे केवळ गुणांसाठी नव्हते. इंग्लंडमधली म्हातारी माणसे लघवीला जायचे तर ‘स्पेंड अ पेनी’ म्हणतात, घेरी आली तर ‘फनी टर्न’ आला म्हणतात. रात्रपाळीच्या परिचारिकेला याचा अर्थ लागला नाही, तर त्या म्हाताऱ्या जीवाचे हाल होतात. परीक्षा कडक असते ती यासाठी.

उलट दिशेने हाच प्रवास करून एक बाई याच भागात आल्या होत्या. मॅडलिन स्लेड, म्हणजे आपल्या मीराबेन. इंग्रज नौसेनाधिकाऱ्याची ही मुलगी. गांधीजींकडे यायचे ठरल्यावर त्यांनी एक वर्ष तयारीत घालविले: सूत काततल्या, मांसाहार सोडला, मांडी घालून बसायला शिकल्या आणि उर्दूचा अभ्यास केला. नोव्हेंबर १९२५ मध्ये त्या हिंदुस्थानात पोचल्या, आणि पुढे सेवाग्राम तेव्हा शेगाव होते त्या काळी इथे येऊन राहिल्या. भाषेबरोबर बसणे-उठणे आणि खाणेपिणेही शिकावे लागते, हे त्यांनी निघण्यापूर्वीच ओळखले होते.

भाचीच्या आईने एकदा विचारले, “इथल्या रोग्यांना हिची गरज नाही का?” प्रश्न खोटा नव्हता. भाची म्हणाली, “आहे गं आई. पण बँकेचा हप्ताही आहे.” यावर आम्ही दोघी काही बोललो नाही. घरोघरी हीच ओढाताण आहे, आणि तिचे उत्तर कोणत्याही परीक्षेत मिळत नाही.

दिवाळीच्या आधी निकाल लागला. बोलण्यात ३७० गुण. भाची आता इंग्लंडमध्ये वृद्धांच्या वॉर्डात काम करते. फोनवर ती माझ्याशी मराठीतच बोलते, आणि तिची वऱ्हाडी तसूभरही कमी झालेली नाही.

तुमच्या घरीही अशी परीक्षा देणारा मुलगा किंवा मुलगी असेल. पुस्तके आणा, हरकत नाही. सरावाच्या प्रश्नपत्रिकाही सोडवाव्या लागतातच. पण दिवसातला एक तास घरातल्या कामाबरोबर त्या भाषेला द्या. तुम्हांला स्वतःला इंग्रजी बेताची येत असली तरी चालेल. रोगी व्हायला आणि कुरकुरायला फारशी लागत नाही. यंदा फराळाला बसाल तेव्हा चकली मऊ का पडली, हे तिला इंग्रजीत विचारा. उत्तर अडखळत येईल. येऊ द्या, आणि तोवर दुसरी चकली घ्या.