चैत्यभूमीनंतर एक दिवस घारापुरीला

दरवर्षी 6 डिसेंबरला कुंडल, पलूस, किर्लोस्करवाडी या भागातून आपले बांधव आणि मायभगिनी मुंबईला जातात. चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करतात, पुस्तके विकत घेतात आणि मिळेल त्या गाडीने परत फिरतात. ज्यांना सवड असेल त्यांनी मुक्काम एक दिवस वाढवावा आणि मुलाबाळांना घारापुरी बेट दाखवावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

गेटवे ऑफ इंडियापासून हे बेट सुमारे 10 किलोमीटरवर आहे. लाँचने तासभर लागतो. धक्क्यावर उतरले की दोन्ही बाजूंना तिवरांची झाडी आणि चिखलाची पुळण दिसते. भरतीच्या वेळी बेट सुमारे 10 चौरस किलोमीटर असते, ओहोटीला तेच 16 पर्यंत पसरते. समुद्र रोज किती मागे सरतो, हे मुलांना पुस्तकापेक्षा इथे लवकर कळेल.

पायऱ्या चढून पश्चिमेच्या टेकडीवर गेले की शैव लेणी लागतात. 1987 पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत. बहुतेक पाहुणे ती पाहून माघारी वळतात. आमचे सांगणे त्यापुढचे आहे. घळीपलीकडे पूर्वेची टेकडी आहे. तिला 'स्तूप टेकडी' म्हणतात, कारण तिथे विटांच्या प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. तो इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा असावा, असा अंदाज आहे. जवळच पाण्याची जुनी टाकीही आहेत. सोपाऱ्याचा स्तूप 1882 मध्ये उत्खननात सापडला, कान्हेरीची लेणी तर सर्वांना ठाऊक आहेत. जिथे बंदर आणि व्यापारी वाट, तिथे भिक्खुसंघ पोहोचला होता, याची ही साखळी आहे.

झरी पार्श्वनाथाचा डोंगर चढणाऱ्या कुंडलकरांना ही चढण जड नाही. तरी वाट आडरानातली आहे. गावातला माहीतगार माणूस सोबत घ्यावा आणि पावसाळा टाळावा. विटेला हात लावू नये, नाव कोरू नये. आपला वारसा आपणच जपायचा.

बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर ही तीन गावे आहेत. मुंबईचे दिवे समोर दिसत असताना इथे समुद्राखालच्या तारेने कायमची वीज आली ती 2018 मध्ये! गावांकडे जाताना आंबा, चिंच, ताडाची सावली मिळते आणि झाडांतून समुद्र दिसत राहतो. भाकरी बांधून न्यावी, पण माकडांपासून सांभाळावी.

काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लेणी सोमवारी बंद असतात. बेटावर पाहुण्यांना रात्री राहता येत नाही, म्हणून शेवटच्या लाँचची वेळ उतरतानाच विचारून ठेवावी. 18 डिसेंबर 2024 रोजी याच मार्गावर नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून 'नीलकमल' ही प्रवासी लाँच बुडाली आणि अनेकांचे प्राण गेले. तेव्हा लाइफ जॅकेट मागून घ्यावे, आधी मुलांच्या अंगात घालावे. गर्दीने भरलेली लाँच सोडून द्यावी, दुसरी येते.

बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला. त्या धम्माची पावले आपल्या समुद्रकाठीही उमटली होती, हे मुलांना एकदा प्रत्यक्ष दाखवू या. जयभीम! नमो बुद्धाय!